आधी धूर पकडा, तेलाचे नंतर बोलू

मा. अपारंपरिक ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



टाकाऊ लाकडापासून इंधन तेल काढण्याचे एखादे सादरीकरण आपल्यासमोर होऊन गेले असेल, नसेल तर लवकरच होईल. पडद्यावर डाव्या बाजूला भुशाचा ढीग असतो, उजव्या बाजूला काळ्या तेलाचा कॅन, आणि मध्ये चकचकीत स्टीलचा एक उंच रिअॅक्टर. खाली लिहिलेले असते: कचऱ्यातून डिझेल. मग अनुदान किती, जमीन कुठे, हमीभाव देणार का, असे प्रश्न येतात. माझे आयुष्य बॉयलर आणि भट्ट्यांच्या कामात गेले आहे, आणि ही विद्या मला मनापासून आवडते. म्हणूनच त्या सादरीकरणात जे दाखवत नाहीत ते सांगायला हे पत्र लिहितो आहे. आपल्यासमोर बसणारे सल्लागार ते सांगणार नाहीत, कारण त्यांची फी प्रकल्पाच्या आकारावर ठरते.

त्या रिअॅक्टरमध्ये होते ते पायरोलिसिस, म्हणजे लाकूड हवेशिवाय तापवणे. एवढेच. हवा मिळाली की लाकूड जळते. हवा रोखली की ते फुटते आणि त्याचे तीन वाटे होतात: कोळसा, वाफेसारखा धूर आणि गॅस. धूर झटकन थंड केला की तेल. ही गोष्ट कळायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात दिवाळीनंतर डोंगराच्या पायथ्याशी कोळशाची भट्टी लागते, ती एकदा जवळून पाहावी. ओंडके उभे रचतात, वर पालापाचोळा, त्यावर ओली माती थापतात. तळाशी हवेसाठी भोके ठेवतात. पेटवल्यावर पहिला धूर दाट पांढरा येतो. ते लाकडातले पाणी. मग तो पिवळट होतो, डोळ्यांत झोंबतो, घसा धरतो. शेवटी विरळ निळा झाला की भट्टीवाला एकेक भोक मातीने बुजवत जातो. तापमापक नाही, घड्याळ नाही. धुराचा रंग आणि वास यांवर सारे चालते. रात्री मातीचा थर कुठे खचला तर उठून बुजवावा लागतो, नाहीतर सकाळी कोळशाऐवजी राख हाती येते.

मंत्रिमहोदय, तो झोंबणारा पिवळट धूर म्हणजेच सादरीकरणातले तेल. मातीच्या भट्टीत शंभर किलो सुक्या लाकडातून साधारण वीस किलो कोळसा निघतो. लाकडात जेवढी ऊर्जा होती तिचा जेमतेम तिसरा हिस्सा या कोळशात राहतो. उरलेले दोन हिस्से हवेत जातात, आणि वाटेत भट्टीवर राबणाऱ्याच्या छातीत जातात. हे काम करणारे बहुतेक कातकरी असतात. पावसाळा संपला की उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते आणि मृगाच्या आधी परत येते. हिशेब मात्र पुष्कळदा फिटत नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने संपली म्हणतात. कोळसा भट्ट्यांवरून सोडवून आणलेल्या कुटुंबांच्या कहाण्या त्यानंतरच्याच आहेत.

आता त्या चकचकीत रिअॅक्टरकडे येऊ. तिथे हेच काम वेगाने करतात. लाकूड दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बारीक करायचे, ओल दहा टक्क्यांच्या खाली आणायची, सुमारे 500 अंशांवर क्षणात तापवायचे आणि निघालेली वाफ दोन सेकंदांच्या आत थंड करायची. असे जमले तर एक टन सुक्या भुशातून सहाशे किलोच्या पुढे तेल मिळते. आकडा ऐकून कुणीही खूश होईल. पण हे तेल पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे सहाशे किलो म्हणजे सुमारे 500 लिटर. एका किलोत उष्णता 16 ते 19 मेगाज्यूल, डिझेलमध्ये 42-43. हिशेब केला तर त्या 500 लिटरमधून जेवढी उष्णता मिळते तेवढी 285 लिटर डिझेलमधून मिळाली असती. शिवाय त्या एक टन भुशात मुळात जी ऊर्जा होती तिच्या सहा आण्यांहून जास्त हिस्सा तेलात आलेलाच नसतो. तो कोळशात आणि गॅसमध्ये जातो आणि रिअॅक्टर तापवण्यात व भुसा सुकवण्यात खर्ची पडतो.

आणि हे डिझेल नव्हेच. त्यात 15 ते 30 टक्के पाणी असते. ते आंबट असते, लिंबाच्या रसाच्या आसपासचे आम्ल. साध्या लोखंडाची टाकी आणि पाइप ते खाऊन टाकते, त्यामुळे सगळे स्टेनलेसचे लागते. डिझेलमध्ये ओतले तर मिसळत नाही. टाकीत ठेवले की महिन्यामहिन्याने घट्ट होत जाते. साध्या पद्धतीने उकळून त्यातून पेट्रोल-डिझेल वेगळे काढू म्हटले तर निम्मे तळाशी कोक होऊन बसते. बर्नरच्या तोंडाशी एकदा ही चिकट काजळी बसली की ती खरवडण्यात अर्धी पाळी जाते. ते गाडीत घालण्याजोगे करायचे तर हायड्रोजन आणि महागडे उत्प्रेरक वापरून त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, आणि हे काम तालुक्याच्या एमआयडीसीतले नाही, रिफायनरीचे आहे.

मग जगात हे कुठे चालते? चालते, आणि जिथे चालते तिथे ते कसे चालते तेच महत्त्वाचे. नेदरलँड्समधल्या हेंगेलोत ताशी पाच टन सुके लाकूड घेणारा एम्पायरो नावाचा कारखाना 2015 मध्ये सुरू झाला. तिथले तेल एका दुग्धशाळेच्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायूच्या जागी जाळण्यासाठी गेले, आणि उरलेली वाफ शेजारच्या मिठाच्या कारखान्याला. स्वीडनमध्ये येव्ले गावाजवळ पायरोसेल हा कारखाना 2021 मध्ये सुरू झाला, तो थेट एका लाकूड गिरणीच्या आवारातच. भुसा समोरच पडतो, आतमध्ये जातो, तेल टँकरने लिसेकिलच्या रिफायनरीत जाते. यात कुठेही कुणी गावोगाव ट्रक फिरवून काटक्या गोळा करत नाही. भुसा हलका असतो; ट्रक भरतो, वजन मात्र होत नाही. एक घनमीटर तेलात जेवढी ऊर्जा असते तेवढ्यासाठी सहा घनमीटर भुसा वाहावा लागतो. म्हणजे भुसा जिथे पडतो तिथेच त्याचे तेल करणे परवडते, इतरत्र नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतले. मिसिसिपी राज्यात कोलंबस या गावी पाइन लाकडापासून थेट पेट्रोल-डिझेल बनवण्यासाठी किओर नावाची कंपनी आली. विनोद खोसला यांच्यासारख्या नामवंत गुंतवणूकदाराचा पैसा त्यात होता. राज्य सरकारने साडेसात कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. नोव्हेंबर 2014 मध्ये कंपनीने दिवाळे काढले. कागदावर टनामागे जेवढे तेल दाखवले होते तेवढे प्रत्यक्षात निघाले नाही, आणि राज्याला पुढे पैशासाठी कोर्टात जावे लागले. तिथले इंजिनिअर आपल्यापेक्षा कमी शिकलेले नव्हते.

हे सगळे आपल्या भागाला नवे आहे असेही नाही. म्हैसूर संस्थानात भद्रावतीला 1918 मध्ये जो कारखाना सुरू करायचे ठरले त्याचे नावच मुळी म्हैसूर वुड डिस्टिलेशन अँड आयर्न वर्क्स होते. मलनाडचे लाकूड बंद भांड्यांत तापवायचे, कोळसा लोखंडाच्या भट्टीला द्यायचा, आणि वाफेतून मिथिल अल्कोहोल, अॅसिटेट आणि लाकडी डांबर काढायचे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकलेले आणि मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षे नोकरी केलेले विश्वेश्वरय्या 1923 पासून त्याचे अध्यक्ष होते. कल्पना उत्तम होती: धुरातले काहीही वाया जाऊ द्यायचे नाही. पण त्याच 1923 मध्ये जर्मनीत बीएएसएफने वायूपासून कृत्रिम मिथेनॉल स्वस्तात बनवायला सुरुवात केली, आणि जगभर लाकडातून मिथेनॉल काढण्याच्या धंद्याचा कणा मोडला. लाकूड तेच, यंत्रे तीच, कामगार तेच. दूर कुठेतरी भाव पडला आणि हिशेब उलटला. आजही लाकडाच्या तेलाची स्पर्धा खनिज तेलाशी आहे, आणि तो भाव मंत्रालयात ठरत नाही.

आता आपल्याकडच्या टाकाऊ लाकडाबद्दल. सादरीकरणात ते फुकट आणि अमाप दाखवतात. दोन्ही खोटे. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा सावंतवाडीच्या एखाद्या लाकूड गिरणीत जाऊन विचारा, भुसा कोण नेतो. पांढरा कोळसा बनवणारा नेतो, कोंबडीवाला खाली अंथरायला नेतो, वीटभट्टीवाला नेतो, अळिंबीवाला नेतो. ढलप्या आणि साली हॉटेलच्या चुलीत किंवा कुणाच्या तरी बंबात जातात. एके काळी घराघरांत भुशाची शेगडी असे: मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली हळूच काढून घ्यायची आणि खालून पेटवायचे. त्या काळातही भुशाला गिऱ्हाईक होते. शिवाय 1996 नंतर सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन या जंगलतोडीविषयीच्या खटल्यातल्या आदेशांमुळे लाकूड गिरण्यांचे परवाने मोजूनमापून मिळतात. गिरण्या वाढत नाहीत, मग भुसा कुठून वाढेल? मोठा रिअॅक्टर आला की पहिल्या वर्षी भुशाचा भाव वाढतो, दुसऱ्या वर्षी भुसा पुरत नाही, आणि तिसऱ्या वर्षी कोकणातल्या खासगी जमिनीतले आईन आणि किंजळ टाकाऊ म्हणून कटाईला लागतात. ही माझी भीती आहे, भाकीत नाही. पण वीटभट्ट्यांसाठी आणि कोळशासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गात जी तोड चालते ती पाहिलेल्या कुणालाही ती पटेल.

खरोखर टाकाऊ असे लाकूड दोन ठिकाणी दिसते. एक, शहरांतली झाडांची छाटणी आणि वादळात पडलेली झाडे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि दापोली तालुक्यात आंबा, फणस, सुपारी, नारळ यांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. बागायतदारांना पडलेली झाडे उचलायलाही पैसे नव्हते. पुष्कळ लाकूड जागीच कुजले किंवा पेटवून दिले गेले. पण असे लाकूड एकाच वेळी येते आणि ओले असते. ताज्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असते, आणि वादळ पावसाळ्याच्या तोंडावर येते. वर्षभर चालणारा कारखाना वादळाच्या भरवशावर कुणी उभारत नाही.

दुसरे, भंगार लाकूड: पाडलेल्या इमारतींची दारे-चौकटी, मोडके फर्निचर, प्लायवूड. मुंबईत हे लाकूड वर्षानुवर्षे बेकऱ्यांच्या भट्ट्यांत गेले; आपण खातो तो पाव त्यावर भाजला गेला. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. त्यामुळे भंगार लाकूड मोकळे होईल आणि आता ते आमच्या रिअॅक्टरमध्ये द्या, असा युक्तिवाद आपल्यापुढे येईल. तिथे सावध राहा. प्लायवूडमध्ये फॉर्माल्डिहाइडचे गोंद असतात, जुन्या रंगात शिसे असते, काही लॅमिनेटवर पीव्हीसी असते आणि ते तापले की हायड्रोक्लोरिक आम्ल होते. असल्या मालाचे तेल म्हणजे विषाची टाकी. पालघरमधल्या वाडा तालुक्यातल्या गावकऱ्यांना विचारा. टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यांमुळे पायरोलिसिस म्हणजे काजळी आणि घाण वास हेच त्यांना माहीत आहे. लाकूड टायरपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, पण कारखाना चालवणारा आणि तपासणारा तोच असेल तर गावाला फरक कळणार नाही.

एवढे सगळे सांगून मी पायरोलिसिस नको म्हणतो का? मुळीच नाही. मी म्हणतो, उलट्या टोकाने सुरुवात करू नका. तेलाऐवजी धुरापासून सुरुवात करा.

आपल्या राज्यात यासाठी बाहेरून कुणी शिकवायला यावे लागत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी उसाच्या पाचटावर चालणाऱ्या गॅसिफायरवर काम केले, आणि शेतातल्या टाकाऊ मालाच्या पायरोलिसिस तेलाबद्दल ते बऱ्याच काळापासून लिहीत आले आहेत. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने पाचटाचा कोळसा करण्याची साधी भट्टी बनवली. बाहेर पत्र्याचे मोठे पिंप, आत झाकण लावलेली छोटी पिंपे, त्यांत पाचट ठासलेले. खालून थोडे पाचट पेटवायचे. आतले पाचट तापले की त्यातून निघणारा धूर पिंपांच्या तळाशी येऊन तिथेच पेटतो आणि बाकीची भट्टी तापवतो. म्हणजे रायगडातली भट्टी जो धूर हवेत सोडते, तोच धूर इथे इंधन होतो. उरलेल्या कोळशाच्या कांड्या करायच्या आणि त्यांवर सराई या वाफेच्या कुकरमध्ये स्वयंपाक. या कामाला 2002 साली लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला, बातम्या आल्या, आणि उसाच्या पट्ट्यात तोडणी झाली की पाचट आजही शेतातच पेटवतात. तंत्र कमी पडले असे मला वाटत नाही. कमी पडला तो कोळशाला गिऱ्हाईक मिळवून देणारा आणि भट्टी दुरुस्त करणारा माणूस.

म्हणून माझे मागणे लहान आहे. बंद रिटॉर्ट भट्ट्या, म्हणजे वरच्यासारखे बंद भांडे तापवून त्याचाच धूर जाळणाऱ्या; आधी लाकडाच्या, मग जमल्या तर पाचटाच्या. बंद रिटॉर्टमध्ये शंभर किलो सुक्या लाकडातून तीस-पस्तीस किलो कोळसा निघतो, म्हणजे मातीच्या भट्टीच्या दीडपट ते पावणेदोनपट. धूर जाळून उष्णता मिळते ती वेगळी. ही उष्णता वाहून नेता येत नाही, म्हणून भट्टी उष्णतेच्या गिऱ्हाइकाला चिकटून हवी. सिंधुदुर्गात आणि चंदगडकडे काजूचे कारखाने आहेत. तिथे बी वाफवायला आणि गर सुकवायला रोज उष्णता लागते. रत्नागिरीत आंब्याचा रस डबाबंद करणारे कारखाने आहेत. लोटे परशुरामच्या वसाहतीत बॉयलर आहेत. लाकूड गिरणी, रिटॉर्ट आणि सुकवणी यंत्र एका आवारात आले की वाहतूक संपते, ओल जाते आणि तेल साठवण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तेल होण्याआधीच धूर जळून जातो. हे करताना मधूनच कुणी म्हणेल की तेल काढले असते तर पैसा जास्त मिळाला असता. ज्या दिवशी लोटेतला एखादा कारखानदार लाकडी तेल फर्नेस ऑइलच्या जागी घ्यायला लेखी तयार होईल आणि पैसे आगाऊ देईल, त्या दिवशी तेल काढा. त्याआधी नको.

कोळसाही नुसता जाळायचा असे नाही. कोकणच्या आंबट जांभ्या मातीत बारीक कोळसा मिसळला तर तो पाणी आणि खत धरतो आणि त्यातला कार्बन शेकडो वर्षे मातीत राहतो. भाजावळीसाठी राब जाळणाऱ्या शेतकऱ्याला राखेचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. कोळशाचा उपयोग एका हंगामात आपल्या वाफ्यात दिसला तर त्यालाही वेळ लागणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे त्यासाठी प्रक्षेत्रे आहेत.

भट्टी चालवायला कोण, हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात सोपा आहे. धुराचा रंग ओळखून भोके बुजवणारा कातकरी रिटॉर्टचा तापमापक पाहायला चार दिवसांत शिकेल. त्याला उचलीऐवजी पगार, मुलांना शाळा आणि तोंडाला मास्क द्या. तो कुशल कामगार आहे, हे सरकारी कागदावर लिहा. ही एक ओळ मला कुठल्याही रिअॅक्टरपेक्षा मोठी वाटते.

अनुदानाबद्दल एकच अट घाला, बाकीच्या अटी तिच्यातून आपोआप येतील. कुठल्याही लाकूड-पायरोलिसिस प्रकल्पाला पैसे देण्याआधी त्याच्याकडून एका टनाचा वजनाचा आणि ऊर्जेचा पूर्ण ताळा मागा: लाकूड किती, ओल किती, ते कुठून आले, कोळसा किती, तेल किती, त्यात पाणी किती, गॅस कुठे गेला, वीज किती लागली. तेल निघत असेल तर ते एएसटीएम डी 7544 या कसोटीला उतरते का, हेही त्यातच येईल. हा ताळा संकेतस्थळावर टाका. हिरवे झाड कुठे घुसले आहे, आणि सातशे लिटरचे स्वप्न दाखवून पाचशे लिटर कुणी काढले, हे दोन्ही त्या एका कागदावर दिसेल.

येत्या हंगामात सिंधुदुर्गातल्या एका काजू कारखान्याच्या आवारात एक रिटॉर्ट उभा करा आणि त्याचा वर्षभराचा ताळा विधानसभेच्या पटलावर ठेवा. तोवर तेलाच्या मोठ्या प्रकल्पांच्या फायलींवर सही करू नका, ही विनंती.

आपला,
भट्ट्यांच्या धंद्यातला एक जुना इंजिनिअर